एका कवितेचा पत्ता

पैज लावा, यातलं एक अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. आयुष्यात मी ज्या गोष्टी खऱ्या सांगितल्या त्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि ज्या बेमालूम थापा मारल्या त्यांच्या जोरावर मला दोन बढत्या मिळाल्या. तेव्हा खरं-खोटं तुमचं तुम्ही बघून घ्या. मी आपला सांगून मोकळा होतो.

आधी एक खुलासा. हे सांगतोय मी, पण लिहून घेतेय आमची ही. कारण माझं अक्षर. टपालखात्यात बत्तीस वर्षं काढली मी –

“एकोणतीस,” ही म्हणाली.

बरं, एकोणतीस. ही कानावर पडेल ते सगळं लिहून घेते, माझा खोकलासुद्धा. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तर टपालखात्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती. ज्या पत्रांचा पत्ता जगात कुणालाच लागत नाही ती पत्रं शेवटी तिथं येऊन पडायची, आणि तिथं मी असायचो. एका पाकिटावर नुसतं एवढंच होतं: ‘मावशीला. कुत्रा चावतो ते घर नव्हे, त्याच्या समोरचं.’ चौथ्या दिवशी पत्र मावशीच्या हातात होतं. मधले तीन दिवस मी कोणत्या घरात शिरलो होतो ते तुमच्या लक्षात आलंच असेल. एका पाकिटावर नाव नाही, गाव नाही, फक्त पेन्सिलनं काढलेलं नाक. तेही पोचवलं. ज्याचं नाक होतं त्यानं सही करून घेतलं आणि वर विचारलं, “हे माझं कशावरून?” अशी दीड-दोन लाख पत्रं माझ्या हाताखालून गेली. (ही थांबून माझ्याकडे बघतेय. बरं, पुष्कळ गेली असं लिही.) पण डॉक्टरला जसा रोग्याचा आजार लागतो तसं मला लोकांचं अक्षर लागलं. निवृत्त झालो तेव्हा माझं अक्षर असं झालं होतं की किराण्याच्या यादीत मी साबण लिहिला तर दुकानदार विचारायला घरी यायचा.

त्या खोलीच्या भिंतीवर तीन नियम टांगलेले होते. पत्ता लागत नसेल तर आधी आसपास चौकशी करा. आसपास कुणाला ठाऊक नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा. पाठवणाराही सापडत नसेल तर दोन साक्षीदारांसमक्ष पाकीट फोडा, आणि पत्ता लागेल इतकंच वाचा. त्यापुढे एक ओळ जास्त वाचलीत तर नोकरी गेली. या तीन नियमांत जगातली कुठलीही अडचण सुटते अशी माझी समजूत होती. ती समजूत सात ओळींच्या एका कवितेनं मोडीत काढली.

हिचं एक वाचन मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत अकरा बायका आणि एक साडू जमतात. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, साहित्याचे निवृत्त प्राध्यापक. हा गृहस्थ ‘चहा गार झाला’ हेसुद्धा आधी ‘वास्तविक पाहता’ लावल्याशिवाय सांगत नाही. मंडळात माझं काम म्हणजे चहाचा ट्रे भरलेला नेणं आणि रिकामा आणणं. ते मी अत्यंत चोख करतो. आजवर एक कप फुटलेला नाही.

“दोन,” ही म्हणाली.

त्या रविवारी हिनं एक कविता वाचून दाखवली. तीस वर्षांपूर्वीच्या एका पातळशा संग्रहातली. कवी कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. कविता अशी:

तिसऱ्या पायरीवर पाणी ठेवून
तू दार लावलंस
आणि अख्खं शहर
तहानेची घंटा वाजवत राहिलं.
मी उलट्या छत्रीत माझं नाव भरून आणलं.
सांडलं नाही.
तरी ओलं.

वाचून झालं आणि खोली अशी चिडीचूप झाली की एकीच्या हातून बिस्किट मोडलं तर तिनं माफी मागितली. साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “वास्तविक पाहता,” ते म्हणाले, “ही कविता सर्वसामान्य वाचकासाठी नाहीच.” हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. त्यांनी ट्रेकडे पाहिलं.

मी ट्रे उचलला. बोलली ही.

“आमच्या यांना लागेल अर्थ. अख्ख्या शहराला न लागलेले पत्ते लावलेत त्यांनी.”

“खरंच, ताई?” धाकटी बहीण लगेच म्हणाली. ती बोलायला गोड आणि पकडायला पक्की. “मग वार्षिक संमेलनात भावोजींनाच बोलू दे की यावर. वीस मिनिटं. वाचनालयाचं सभागृह घेतलंच आहे आपण.”

“बोलतील,” ही म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. विजेचं बिल भरतील म्हणावं तितक्या सहज.

आता इथं वाचकांनी जरा थांबावं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या सगळ्या बढाया मी एकट्यानं मारलेल्या आहेत. लग्नात, मुंजीत, रांगेत, दवाखान्यात – जिथं माणूस दिसेल तिथं मारल्या, आणि दर वेळी ही शेजारी उभी राहून आकडे दुरुस्त करत आली. माझ्याविषयी हिनं स्वतःच्या तोंडानं मारलेली ही पहिली बढाई. ती सुद्धा सख्ख्या बहिणीसमोर! ती खोटी पडली असती तर साडू जिंकले असते हे तर झालंच, पण ही पुन्हा कधी माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नसती. आणि हातात दिवस होते एकवीस.

दुसऱ्याच दिवशी पुस्तकांच्या दुकानात गेलो. म्हटलं, “अवघड कविता समजावून देणारं एखादं चांगलं मार्गदर्शक पुस्तक द्या.”

“कितवीचं?” दुकानदारानं विचारलं.

“कितवीचं नाही. माझं.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. या वयात नापास झालेला माणूस बहुतेक पहिल्यांदाच बघत असावा. मग शिडी लावून, वरच्या फळीवरची धूळ स्वतःच्या आणि माझ्या डोक्यावर वाटून घेत त्यानं एक ग्रंथ काढला. ‘आधुनिक कविता: एक सुलभ प्रवेश’. पानं चारशे बारा. वजन असं की पिशवीचा बंद पहिल्याच चौकात तुटला.

आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मला दम वगैरे लागत नाही. पण तिसऱ्या मजल्यापर्यंत आल्यावर माणसानं थोडं थांबून मागं वळून पाहावं, आयुष्याचा आढावा घ्यावा, असं माझं मत आहे. शेवटच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाण्याचा जग आणि त्यावर उपडा पेला ठेवलेला असतो. सोसायटीच्या चेअरमनबद्दल माझं मत एरवी चांगलं नाही, पण ही एक सोय त्यांनी बरी केली आहे. मागे उन्हाळ्यात मी त्यांच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली होती की जिन्यातलं पाणी कोमट असतं. दुसऱ्या दिवसापासून गार. म्हणजे बघा, तक्रार करणारा पाहिजे! तर त्या दिवशीही बसलो, दोन पेले प्यायलो, आणि पायरीवरच ग्रंथ उघडला.

पहिलं वाक्य सकाळी अकराला सुरू झालं ते दीड पानानं संपलं. त्यात क्रियापद कुठं आहे ते शोधायला मला भिंग घ्यावं लागलं, आणि मी व्यवसायानं शोधणारा माणूस! पाण्याविषयी एक अख्खं प्रकरण होतं. त्यात म्हटलं होतं की कवितेतलं पाणी हे पाणी नसून पाण्याच्या नसण्याचं असणं असतं. मी हे हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “मग नळाला काय येतं ते विचारा त्यांना.”

ग्रंथ समजून घ्यायला दुसरा ग्रंथ लागणार हे उघड होतं. वाचनालयात गेलो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “साहित्यातल्या अवघड शब्दांचा एक कोश आहे. पण तो संदर्भ विभागात. अर्ज करावा लागेल.”

अर्जावर रकाना होता: कोश कशासाठी हवा? मी लिहिलं. बाईंनी कागद आडवा धरला, उभा धरला, खिडकीजवळ नेला आणि परत आणून म्हणाल्या, “तोंडी सांगा.”

“कवितेचा अर्थ लावायला.”

“असं कारण यादीत नाही. यादीत तीनच आहेत. परीक्षा, प्रबंध आणि न्यायालयीन वाद.”

मी विचार केला. समोर साडू दिसायला लागले. “वाद घाला,” म्हटलं.

“न्यायालयीन?”

“जवळजवळ.”

दोन सभासदांच्या शिफारशी, एक फोटो, आणि पाच दिवस. पाचव्या दिवशी कोश माझ्या टेबलावर आला आणि मी ‘अमूर्त’ हा शब्द काढला. तिथं लिहिलं होतं: पाहा, निराकार. ‘निराकार’ काढला. तिथं: पाहा, अरूप. ‘अरूप’ काढला. तिथं: पाहा, अमूर्त. मला एकदम ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. आमच्या खोलीत असं एक पत्र होतं. या कचेरीनं त्या कचेरीला पाठवायचं, तिनं तिसरीला, तिसरीनं पहिलीला. अकरा वर्षं ते पत्र फिरत होतं. शेवटी त्यावर इतके शिक्के बसले की नवा शिक्का मारायला जागा उरली नाही, तेव्हा कुठं त्याला सेवामुक्त केलं. मी कोश मिटला. बाईंनी विचारलं, “सापडलं?” मी म्हटलं, “जिथून निघालो तिथपर्यंत सुखरूप पोचलो.”

आठवडा गेला. तेव्हा मी मूळ पदावर आलो. नियम पहिला: आसपास चौकशी करा.

कविता एका कागदावर लिहून घेतली. मी नाही, हिनं. लोकांना वाचता यायला हवी ना. आणि मजल्यामजल्यावर फिरलो. पहिल्या मजल्यावर दातांची डॉक्टरीण. तिनं कागद दिव्याखाली धरला. “ही कविता दाढेची आहे,” म्हणाली. “बघा ना. दार लावलंय, आत घंटा वाजतेय, सांडत नाही पण ओलं. पू झालाय. कवीला म्हणावं, दुखायच्या आधी या.” जाता जाता तिनं माझी एक दाढ पाहिली आणि मला परवाची वेळ दिली.

चेअरमननी कागद दोनदा वाचला आणि गंभीर झाले. “आपल्या इमारतीवर आहे का ही?”

“छे हो. तीस वर्षांपूर्वीची आहे.”

“नाही, तिसरी पायरी म्हणतोय तो. जिन्यात वस्तू ठेवायला मनाई आहे. मी कुणाला परवानगी दिलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.” माणूस किती विनयशील! स्वतः पाणी ठेवतो आणि कबूलही करत नाही. मी त्यांना डोळ्यांनीच धन्यवाद दिले. त्यांना वाटलं माझ्या डोळ्यात काही गेलंय.

त्याच वेळी गच्चीवरच्या टाकीची तोटी बदलून प्लंबर खाली येत होता. त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, तेलकट बोटानं ओळीओळीवरून खूण करत वाचला, आणि म्हणाला, “कुणीतरी कुणासाठी तरी पाणी ठेवलंय, काका. ज्याच्यासाठी ठेवलं त्याला कळलेलं नाही. एवढंच तर आहे.”

मी हसलो. आम्हा जाणकारांचं एक खास हसू असतं, ते हसलो. म्हटलं, “अरे बाबा, इतकं सोपं असतं तर चारशे बारा पानं कशाला लिहिली असती?”

“पाइप सरळ गेला की आमचंही बिल होत नाही,” तो म्हणाला आणि गेला.

पण त्याच्या बोलण्यातून एक गोष्ट मी घेतली. प्रत्यक्ष जागेवर काम. म्हटलं, उलटी छत्री काय सांगते ते छत्रीलाच विचारू. घरातली मोठी काळी छत्री काढली. एका चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं, छत्री जिन्याच्या कठड्यावर उलटी अडकवली, त्यात एक बादली पाणी ओतलं, वर नाव सोडलं आणि निरीक्षण करत उभा राहिलो. पहिली दोन मिनिटं कवी शब्दाला जागला: सांडलं नाही. तिसऱ्या मिनिटाला छत्रीची एक काडी सटकली आणि अख्खी छत्री जिन्याच्या मधल्या पोकळीतून खाली गेली. तळाशी दातांच्या डॉक्टरणीचा पेशंट उभा होता. अर्धं तोंड बधिर, तोंडात कापूस. त्याला ओरडता येईना. अंगावर बादलीभर पाणी, आणि कपाळावर चिकटलेली माझ्या नावाची चिठ्ठी.

आता योगायोग म्हणाल तर म्हणा, तो पेशंट म्हणजे साडू होते.

“ते साडू नव्हते,” ही म्हणते.

नव्हते तर नव्हते. पण असते तर किती बरं झालं असतं! चिठ्ठीवरचं नाव मात्र कुणालाही वाचता आलं नाही, त्यामुळे गुन्हेगार सापडला नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: ‘जिन्यात साहित्यविषयक प्रयोग करू नयेत. – चेअरमन.’ सगळी इमारत माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी सगळ्यांच्या पुढे उभा राहून ती सूचना मोठ्यानं वाचून दाखवत होतो. अब्रू वाचवायची असेल तर पुढची जागा घ्यावी.

त्या दिवशी जेवताना बहिणीचा फोन आला. हीच बोलत होती. “हो, तयारी चाललीये... नाही ग, छत्री वेगळ्या कामासाठी होती... हो, बोलतील ते. मी सांगितलं ना एकदा, बोलतील.” फोन ठेवला आणि माझ्या ताटात न मागता आणखी वाढलं.

नियम दुसरा: पाठवणाऱ्याला विचारा. संग्रहाच्या शेवटच्या पानावर कवीचा पत्ता छापलेला होता. मी चार पानी पत्र लिहिलं. आपण कोण, मी कोण, साडू कोण, प्रश्न काय, आणि अब्रूचा सवाल असल्यामुळे अर्थ उलट टपाली कळवावा. ही घरी नव्हती, म्हणून सगळं माझ्याच अक्षरात. कविता तेवढी पाठ्यपुस्तकासारखी एकेक अक्षर सुटं, गिरवून गिरवून लिहिली; कवीला स्वतःची कविता तरी ओळखू यावी. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं आणि वाट बघत बसलो.

आता टपालखात्यात पुढं काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. पाकिटावरचा पत्ता कुणालाही लागला नाही. तीन कचेऱ्यांनी हात टेकले आणि पत्र शेवटी कुठं गेलं असेल? माझ्याच खोलीत! माझ्याच टेबलावर! तिथं आता माझ्या हाताखाली तयार झालेल्या बाई बसतात. आम्ही त्यांना भिंगबाई म्हणायचो, कारण त्या भिंगाशिवाय डबासुद्धा उघडत नसत. एवढ्या वर्षांत त्यांना कधी न लागलेला पत्ता आला नव्हता. तो माझा आला. आणि अक्षर माझं आहे हे त्यांना ओळखता आलं नाही, यातच अक्षराची काय अवस्था झाली होती ते समजा. आसपास कुणाला ठाऊक नाही, पाठवणाऱ्याचं नाव लागत नाही. तेव्हा नियम तिसरा: दोघांच्या समक्ष पाकीट फोडलं. चार पानं किडे-मुंग्या. आणि मधोमध, गिरवून काढलेल्या, स्वच्छ सात ओळी.

भिंगबाईंनी पत्ता लागेल इतकंच वाचलं. आणि मी शिकवलेलं त्या विसरल्या नव्हत्या: ज्याला पत्ता देता येत नाही तो खुणा देतो. ‘कुत्रा चावतो ते घर नव्हे’ ही खूण. तशीच ‘तिसऱ्या पायरीवर पाणी ठेवून दार लावणारी’ ही खूण. बाईंनी शिक्क्यावरून पेटी ओळखली, पेटीवरून आमची गल्ली ओळखली, आणि आमच्या पोस्टमनच्या नावे चौकशीचा कागद काढला: ‘या भागात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणी ठेवणारी व्यक्ती असल्यास तिला हे पत्र द्यावे व सही घ्यावी.’

पोस्टमन म्हणाला, “यात शोधायचं काय? रोज मीही तिथंच पितो.”

संमेलन रविवारी, आणि हे शनिवारी दुपारी. मी ग्रंथाच्या एकोणिसाव्या पानावर डोकं टेकून बसलो होतो. बेल वाजली. हिनं दार उघडलं, कशावर तरी सही केली, आणि पाकीट घेऊन आत आली. किती तरी वेळ उभ्यानंच वाचत होती.

“हे मला आलंय,” ही म्हणाली.

मी पाकीट ओळखलं. “अग, ते कवीला होतं. चुकून –”

“कागद बघा. ‘प्राप्तकर्ती सापडली.’ टपालखातं चुकत नाही, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?”

मी भिंगबाईंचा कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग विचारलं, “जिन्यातलं पाणी तू ठेवतेस?”

“नाही तर काय, चेअरमन ठेवतात? बारा वर्षं?”

“आणि ती तक्रार? कोमट पाण्याची?”

“चेअरमनना काही वाचता आलं नाही. इमारतीत अशा अक्षराचा माणूस एकच, म्हणून त्यांनी माझ्याकडे आणून दिली. तेव्हापासून बर्फ घालते.”

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. “मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर प्यायला असतात? म्हणाला असतात, मला काय दम लागतो की काय. दाराशी उभी राहिले असते तर पायरीवर बसला नसतात, तसेच धापा टाकत वर आला असतात. तुमची पावलं तिसऱ्या मजल्यावर ऐकू आली की मी दार लावून घेते. निवांत बसता मग.”

मी कवितेचा कागद हातात घेतला. *तिसऱ्या पायरीवर पाणी ठेवून तू दार लावलंस.* एकवीस दिवस मी या ओळीवर डोकं फोडत होतो आणि त्यातले एकवीस दिवस ते पाणी पीत होतो. प्लंबर आठवला. ते जाणकाराचं हसू कुठं लपवावं ते कळेना.

ही स्वयंपाकघरात गेली. जाताना म्हणाली, “उद्या वीस मिनिटंच बोला हं. वाढवू नका.”

आणि मग रविवार. सभागृह खचाखच भरलेलं. आठशे माणूस –

“साठ.”

– साठ माणूस. पहिल्या रांगेत साडू, वही उघडून, पेन टोपणाबाहेर. त्यांच्या शेजारी धाकटी बहीण. तिच्या शेजारी ही, हात मांडीवर, नजर सरळ. माझं नाव पुकारलं गेलं. मी व्यासपीठावर गेलो, कविता वाचली, आणि जो सुटलो तो सुटलो! वाणी अशी वाहत होती की पंखे थांबले. पायरी म्हणजे काय, दार म्हणजे काय, तहान कुणाची, छत्री उलटीच का – एकेक ओळ सोलून लोकांच्या हातावर ठेवली. ‘सांडलं नाही, तरी ओलं’ला आलो तेव्हा चेअरमन हुंदके देत होते. प्लंबर उभा राहिला. साडूंच्या हातून पेन पडलं, आणि ते उचलायचंही भान त्यांना राहिलं नाही. वीस मिनिटांचे दोन तास झाले, घड्याळाकडे एकानंही पाहिलं नाही, आणि मी हे सगळं बोललो ते एका दमात, मध्ये घोटभर पाणीसुद्धा न पिता –

“खोटं!” ही म्हणाली, आणि पेन खाली ठेवलं. “साफ खोटं. हे मी लिहिणार नाही. कविता वाचलीत, माझ्याकडे पाहिलंत, आणि घसा असा सुकला की ओठ हलताहेत नि आवाज नाही. शेवटी ‘पाणी’ म्हणालात. एवढा एकच शब्द बोललात तुम्ही त्या दिवशी. मी पेला भरून वर आणून दिला, सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायलात आणि खाली उतरलात. टाळ्या झाल्या त्या त्याला. आणि तुमचे साडू म्हणाले, ‘वास्तविक पाहता, आता यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.’”